झेडची मोटर

नागदेवीच्या दुकानात हातिमभाईंनी
काउंटरवर दोन खोकी ठेवली.
एक स्वस्त.
दुसरं त्याच्या साडेतीन पट.
मधे त्यांचा चहाचा ग्लास
आणि माझा कागद, रात्री जागून मांडलेला:
हेडचं वजन नव्वद किलो,
स्क्रूचा पिच पाच मिलीमीटर,
हप्ता चौदा तारखेला.

"स्टेपर न्या," ते म्हणाले, "साधा जीव.
एका फेऱ्यात दोनशे पावलं,
सांगाल तेवढी चालतो,
उलट विचारत नाही."

मागच्या खेपेला तोच नेला होता, एक्ससाठी.
साकीनाक्याच्या गाळ्यात,
जिथे विमान उतरताना पत्रा थरथरतो
आणि भिंतीपलीकडे खोट्या दागिन्यांना मुलामा चढतो,
तीन आठवडे तो गुणी मुलासारखा चालला.
चौथ्यात एका जाड कटला अडखळला
आणि कुणालाच बोलला नाही.
पडद्यावर आकडे बरोबर,
शून्याच्या जागी शून्य,
आणि खाली लोखंडात भोक
दीड मिलीमीटर बाजूला.
एकशे बारा व्हॉल्व्ह-बॉडी.
एकशे बारा.
भंगारवाल्यानं किलोवर नेल्या,
काटाही त्याचाच.

रेडकरांना आदल्या संध्याकाळीच कळलं होतं.
आवाज बदलला म्हणे,
भाजी चिरताना सुरी पाटाला लागावी तसा.
मग बोलला का नाहीत?
ते हात पुसत राहिले,
चिंधी काळी झाली तरी पुसत राहिले.
"पडदा बरोबर सांगत होता.
मला वाटलं, माझाच कान गेला."

चौतीस वर्षं हँडल फिरवून
अंगठ्याच्या पेरानं केसाची जाडी ओळखणारा माणूस,
त्याचा कान आम्ही
एका मुक्या डब्यासमोर खोटा पाडला.

आता झेड. वर-खाली जाणारा.
इथे पाऊल हुकलं तर टूल थेट टेबलात.
हातिमभाईंनी दुसरं खोकं उघडलं.
सर्वोच्या पाठीत एक चकती असते,
रुपयाच्या नाण्याएवढी,
तिच्यावर अडीच हजार रेघा.
तो चालतो आणि मोजतो,
सांगितलेलं किती, झालेलं किती,
मधलं अंतर अंगावर घेतो,
रेटतो, भरून काढतो,
आणि नाहीच जमलं तर
जागच्या जागी थांबून लाल दिवा लावतो:
नाही पोचलो.

"पण नखरे आहेत," हातिमभाई म्हणाले.
"गेन चढवला की थरथरतो,
कमी केला की आळसावतो,
रिकामा उभा असला तरी गुणगुणतो.
आणि ब्रेकवाला घ्या, शेठ.
लाइट गेली की नव्वद किलो
कुणाचंच ऐकत नाहीत."
ब्रेकचे आणखी सहा हजार.

चारुशीलाला मी एकशे बारांचा आकडा
अजून सांगितलेला नाही.
जेवताना ती विचारते, कसं चाललंय?
बरोबर, म्हणतो मी.
शून्याच्या जागी शून्य.

ब्रेकवाला घेतला.
उरलेल्या पैशात एक्सचा स्टेपर बदलणं बसेना,
तो तसाच राहिला, रेडकरांच्या कानावर सोडून.

ट्यूनिंगला रात्रीचे अकरा झाले.
मी आकडा वाढवत गेलो, तीस, पस्तीस,
रेडकरांचा तळवा हेडवर,
तापलेल्या पोराच्या कपाळावर असावा तसा.
अडतीसला म्हणाले, "बस."
एकोणचाळीस करून पाहिलं.
नट खुळखुळले, पान्याचा ट्रे वाजला.
अडतीस.

तिसऱ्या दिवशी पहिला लाल दिवा.
चिप्स अडकल्या होत्या वाटेत,
थांबला, टूल शाबूत, जॉब शाबूत.
रेडकर मुलाम्यावाल्या पोरांनाही ऐकू जाईल
एवढ्या मोठ्यांदा ओरडले,
"बघा, बोलला!"
आणि इतके हसले की चष्मा काढावा लागला.

त्या रात्री भात वाढता वाढता
चारुशीलानं विचारलं, कसं चाललंय.
मी घास
ताटात परत ठेवला.